साखर आणि सासुरवाडी

निळ्या औषधात माझी लघवी घालून तापवलेली काचनळी डॉक्टरांनी उजेडाकडे धरली तेव्हा आतला रंग बघून मला आमच्या कचेरीच्या भिंती आठवल्या. अगदी तोच विटकरी. मला वाटलं, विटकरी म्हणजे बरा असावा. निदान ठसठशीत तरी आहे. पण डॉक्टरांनी नळी कंपाउंडरच्या हातात दिली, चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले, "पंढरीनाथराव, तुम्हाला साखर आहे."

त्या साली भिवंडीत साखर असलेला बहुधा मी एकटाच होतो. बाकीचं गाव रेशनच्या रांगेत उभं होतं. हे मी डॉक्टरांना म्हणून दाखवलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं की शरीरात इन्शुलिन नावाचं एक द्रव्य असतं, रक्तातली साखर ठिकठिकाणी पोचवणं हे त्याचं काम. माझ्या शरीरात ते पुरेसं आहे, फक्त शरीर त्याचं ऐकत नाही. हे मला एका दमात समजलं. सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक असलेल्या माणसाला असली परिस्थिती आकृती काढून सांगावी लागत नाही. मी विचारलं, ऐकत नसेल तर मग पुढे काय करतात? डॉक्टर म्हणाले, बाहेरून आणखी इन्शुलिन द्यावं लागतं. सुईने. रोज.

आता सुईबद्दल माझं मत असं आहे की ती शिंप्याच्या हातात शोभते. माझा चेहरा बघून डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. तुमची सुरुवात आहे, म्हणाले. शरीराला पुन्हा ऐकायची सवय लावता येते. सकाळी भरभर चालायचं, जेवल्यावर लगेच आडवं न होता शतपावली करायची, भाताचा ढीग लहान करायचा, आधी भाजी-उसळ आणि मग बाकीचं, साखर-गूळ बंद, जेवण वेळेवर आणि झोपही वेळेवर. दिवाळीचा फराळ नुकताच संपला होता. डॉक्टरांनी होळीपर्यंत मुदत दिली. तोवर साखर उतरली तर ठीक, नाहीतर सुई.

बायकोने, म्हणजे बकुळाने, सगळं ऐकून घेतलं आणि पहिला हुकूम काढला की यातलं अवाक्षर राहनाळला कळता कामा नये. राहनाळ ही माझी सासुरवाडी, भिवंडीपासून चालत जाण्याइतकी जवळ. तिथे माझ्या सासूबाई हौसाबाई आणि मेव्हणा लडकू राहतात. सासूबाईंचा माझ्यावर फार जीव. मागे मला साधा खोकला झाला तर त्यांनी वज्रेश्वरीला माझ्या नावाने नवस बोलला, आणि तो फेडायला मला अनवाणी डोंगर चढावा लागून खोकल्याच्या जागी ताप आला. साखरेचं कळलं तर त्या काय बोलून बसतील याचा नेम नव्हता.

राहनाळपासून गोष्ट लपली. आमच्या बिल्डिंगपासून ती एक दुपारही लपली नाही. शेजारच्या कमळाबाई नेहमीप्रमाणे वाटीभर साखर उसनी मागायला आल्या आणि बकुळाने कुरकुर न करता वाटी शिगोशीग भरून दिली. कमळाबाई दारातच थबकल्या. शिगोशीग साखर त्यांना गेल्या कित्येक वर्षांत कोणी दिली नव्हती. त्यांनी आत येऊन, पाट घेऊन, बसून चौकशी केली. संध्याकाळपर्यंत सगळे मजले माझं सांत्वन करून गेले, आणि येताना प्रत्येकाच्या हातात वाटी होती.

वाटीच्या बदल्यात सल्ला मिळे. कोणी कारल्याचा रस सांगितला, कोणी जांभळाच्या बियांची पूड, कोणी कडुनिंबाचा पाला आणि वर कडुनिंबाच्याच झाडाखाली बसणं. कमळाबाईंचं म्हणणं होतं की मी अकलोलीच्या गरम कुंडात जाऊन बसावं. साखर गरम पाण्यात विरघळते, हे तुम्हाला मान्य आहे ना, असं त्यांनी मला विचारलं. मला ते नाकारता येईना. मी एसटीची वेळ विचारायला उठलो तेव्हा बकुळाने मला खाली बसवलं आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय ते माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

तर चालणं. मी कॅनव्हासचे बूट आणले, कुत्र्यांसाठी छत्री घेतली आणि धामणकर नाक्यावरून अंजूर फाट्याच्या दिशेने निघालो. राहनाळ लागायच्या आत, फाट्यापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, असा साधा बेत होता. पण नुसतं चालणं किती अवघड असतं याची मला कल्पना नव्हती. आमच्या बिल्डिंगमधले अन्सारीमास्टर लूमवर जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते; ते रात्रपाळी करून परत येत होते. त्यांनी आपुलकीने विचारलं, "साहब, इतनी सुबह किधर?" मी म्हणालो, कुठे नाही, असाच. ते थांबले. माझ्याकडे, बुटांकडे, छत्रीकडे त्यांनी पाहिलं, आणि घरात काही कटकट झाली असेल तर आपली खोली माझीच समजावी असं हळूच सांगून गेले. पुढे एका टेम्पोवाल्याने गाडी उभी करून मला वर घ्यायची तयारी दाखवली. कुठेच जायचं नाही म्हटल्यावर तो चिडला. ज्याला कुठेच जायचं नाही त्याने इतक्या जोरात चालू नये, असं त्याचं मत पडलं.

राहनाळचा चिंधू दूधवाला सायकलवरून कॅन घेऊन भिवंडीला येत होता. त्याने मला ओळखलं, "पाव्हनं, कुठं?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता सायकल वळवून आल्या वाटेने परत सुसाट गेला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मी फाट्याशी पोचून परत फिरणार तोच समोरून लडकू धावत आला. खांद्यावर टॉवेल, शर्टाची बटणं उघडी, मागे गावातली धडधाकट माणसं आणि त्यांच्या मागे, पदर तोंडाला लावून, सासूबाई. त्या आधीच रडत होत्या. "माजी बकुळा कशी हाय?" एवढंच त्यांनी विचारलं.

बकुळा घरी आहे, झोपली आहे, ठणठणीत आहे, असं मी तीनतीनदा सांगितलं. कोणाला पटेना. जावई माणूस सणवार नसताना, आमंत्रण नसताना, रिकाम्या हाताने, पायी, पहाटे, घाईघाईने येतो याला कारण असणारच. सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. खरं सांगायची मला बंदी होती. तेव्हा मी तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, सहज तुम्हाला भेटावंसं वाटलं.

या एका वाक्याने माझं वाटोळं केलं. सासूबाईंचे अश्रू थांबले आणि लगेच दुसऱ्या कारणासाठी पुन्हा सुरू झाले. कारणाशिवाय, नुसतं सासूला भेटायला आलेला जावई राहनाळने पाहिला नव्हता. मला जवळजवळ उचलूनच घरी नेलं. तिथे चुलीवरचे घावणे, नारळाच्या दुधात गूळ घालून केलेला रस, त्यावर पुन्हा गुळाचा चहा. मी "पुरे" म्हटलं की सासूबाई ते "पुढे" असं ऐकत. जावयाने एकट्याने जेवायचं नाही म्हणून लडकू माझ्या शेजारी बसून माझ्या बरोबरीने खात होता. शेजारच्या बायका दारातून मला आपापल्या जावयांना दाखवण्यासारखा नमुना म्हणून बघून जात होत्या. निघताना सासूबाईंनी विचारलं, उद्या येताय ना?

नाही कसं म्हणणार? आणि दुसऱ्या दिवशी गेलो तर तिसऱ्या दिवशी न जाण्याला कारण लागतं. वाट बदलायची सोय नव्हती, कारण आता लडकू फाट्यावर येऊन थांबायचा. बकुळा विचारी, आज किती चाललात, आणि मी खरं तेच सांगे की राहनाळपर्यंत. तिला वाटे, नवरा नुसती दिशा सांगतोय.

कचेरीतही मी डॉक्टरांचा शब्द पाळत होतो. डबा खाल्ला की व्हरांड्यात शतपावली. पण सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात वरिष्ठ लिपिक फेऱ्या मारू लागला की लोकांना वाटतं, काहीतरी निघालंय. अर्ज घेऊन बसलेले शेतकरी उठून माझ्या मागे चालू लागले. मी वळलो की ते वळत. त्यात एकदा मैना नावाची एक म्हातारी, जिचं काम आमच्याकडे नव्हतंच, सगळ्यात पुढे चालत होती. साहेबांनी खिडकीतून ही मिरवणूक पाहिली आणि मला मेमो आला: कार्यालयीन वेळेत निरुद्देश भ्रमण का केले, याचा खुलासा करावा. मी खुलाशात लिहिलं की भ्रमण सोद्देश होतं. उलट विचारणा आली की उद्देश कोणता. मी लिहिलं, अन्नपचन. त्यावर असा शेरा पडला की अन्नपचन ही खाजगी बाब असून ती शासकीय व्हरांड्यात करता येणार नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या चारित्र्यावर आलेला हा पहिला शेरा. त्यानंतर मी जेवून कचेरीमागच्या गोठ्याभोवती फिरू लागलो. तिथल्या म्हशींनी खुलासा मागितला नाही.

संक्रांतीनंतर डॉक्टरांनी पुन्हा नळी तापवली. रंग विटकरीच, उलट थोडा जास्त पक्का. डॉक्टरांना कोडं पडलं. चालता ना? रोज. भरभर? धाप लागेपर्यंत. घरी गोड? थेंबभर नाही. हे सगळं शब्दशः खरं होतं. "मग असं करा," डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडं पुढे जाऊन या." मी मनाशी पाहिलं. आणखी पुढे म्हणजे जातानाही राहनाळ आणि येतानाही राहनाळ. बाहेर पडताना मला टेबलावर उकळत ठेवलेली काचेची सिरिंज दिसली. त्या पाण्याचा बुडबुडणारा आवाज मला घरापर्यंत ऐकू येत होता.

त्या दिवशी मी ठरवलं, राहनाळ बंद. आमच्या घरापासून उलट दिशेला वऱ्हाळा तलाव होता. त्याच्या काठाने फेऱ्या मारायच्या, कोणाला न सांगता. पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. धाप लागली की मी काठावर उभा राहून पोटावर हात ठेवून पाण्याकडे बघत राही. भूक लागे, पण हलकं वाटे. लडकू मात्र फाट्यावर वाट बघून परत जात होता, आणि राहनाळमध्ये माझं काय बिनसलं यावर खल चालला होता. सासूबाईंनी घावण्यांच्या रसात मीठ पडलं होतं का हेसुद्धा आठवून पाहिलं, असं मला नंतर कळलं. आणि चिंधूचं दूध तलावाच्या बाजूलाही जात होतं. त्याने गावात जाऊन सांगितलं की पाव्हणे रोज सकाळी तलावावर येतात, एकटेच असतात, आणि पाण्याकडे टक लावून बघत उभे राहतात.

त्या सकाळी माझ्या बुटात खडा गेला. दुसरं काही नाही. मी काठावरच्या दगडाशी थांबलो, छत्री बाजूला ठेवली, एक बूट काढला आणि एका पायावर उभा राहून वाकलो. तेवढ्यात मागून कोणीतरी मला कमरेला मिठी मारली.

तो लडकू होता. त्याच्या मागे टेम्पोतून उतरलेलं अर्धं राहनाळ. "भावोजी, असं करू नका," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि मला मागे ओढत होता. बूट हातात असल्यामुळे मला तोल सांभाळता येईना. मी त्याला सांगत होतो की खडा, खडा, पण त्याला ते रडणं वाटलं. ओढाओढीत माझा बूट पाण्यात गेला, बुटामागे लडकूचा पाय गेला, आणि पायामागे लडकू. पाणी गुडघ्याएवढंच होतं. पण तो इतका घाबरला की शेवटी मीच वाकून, हात देऊन, जीव द्यायला आलेल्या माणसाला न शोभेल अशा ताकदीने त्याला बाहेर काढलं. कपडे धुणाऱ्या बाया, रात्रपाळी सुटलेले लूमवाले, सगळे गोळा झाले. त्यांत अन्सारीमास्टर होते. ते खिन्नपणे म्हणाले की त्यांना पहिल्याच दिवशी शंका आली होती. माझ्या आयुष्यात मी इतका अपमानित कधी झालो नाही, आणि इतक्या प्रेमाने तर नाहीच.

मला दोन्ही बाजूंनी धरून, एका पायात बूट अशा अवस्थेत घरी आणलं. खोलीत माणूस मावेना. सासूबाई बकुळाला जवळ घेऊन विचारत होत्या, काय भांडण झालं, खरं सांग. बकुळा माझ्याकडे बघत होती. कमळाबाई आपण होऊन साक्ष द्यायला तयार होत्या की भांडणाचा आवाज भिंतीतून आलेला नाही. बकुळाने 'सांगून टाका' अशी मान हलवली, तेव्हा मी बोललो.

"मला साखर झालीय, आई. सकाळी चालायला डॉक्टरांनी सांगितलंय. जीवबीव द्यायचा नव्हता."

सासूबाईंनी हे शांतपणे ऐकलं. त्यांना साखर माहीत होती. त्यांच्या आत्याचा पाय साखरेनेच गेला होता. त्यांनी माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग ते सगलं खात का व्हतात?"

"तुम्ही वाढत होता."

"मी आय हाय. मी वाढनारच," त्या म्हणाल्या. "तुमी बोलायचं व्हतं."

मी खाली मान घालून उरलेला बूट काढला.

सासूबाईंनी बकुळाकडून डॉक्टरांचं सांगणं एकदा, फक्त एकदा, ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते राहनाळमध्ये कायदा म्हणून लागू झालं. मला पुन्हा तिकडेच चालत यायचा हुकूम झाला. फाट्यावरचा चहावाला मला बिनसाखरेचा चहासुद्धा देईना. उगाच आपल्या टपरीचं नाव नको, म्हणाला. मी रेंगाळतोय असं दिसलं की चिंधू मागून सायकलची घंटी वाजवी. घरी पाटावर बसलो की पुढे शेवग्याच्या पाल्याची भाजी, वालाचं बिरडं, कालवणातला मासा आणि भाकरीचा एवढासा तुकडा. सासूबाईंचा आग्रह कमी झाला नव्हता. फक्त तो आता पाल्याचा होता. मी "पुरे" म्हटलं की त्या पूर्वीसारख्याच कानाडोळा करत, आणि जेवण झालं की मला अंगणात सोडून स्वतः ओट्यावर बसत. मी फेऱ्या मारून थांबलो की नुसतं बघत. मी पुन्हा चालू लागे.

जावयाच्या पंगतीला गोड नाही ही गोष्ट मात्र त्यांच्या मनाला पटत नव्हती. म्हणून घावणे आणि रस होतच होते, आणि ते लडकूच्या पानात पडत होते. आधी तो माझ्या बरोबरीने खायचा, आता माझ्या वाटचंही खाऊ लागला. वाया घालवायचं का, असं तो मला विचारी, आणि वास घेत पाला चावणाऱ्या माणसाला त्यावर काय बोलायचं सुचणार?

होळीच्या तोंडावर आम्ही दवाखान्यात गेलो. आम्ही म्हणजे मी, बकुळा, सासूबाई, लडकू, आणि वाटेत भेटल्यामुळे कमळाबाई. कंपाउंडरने नळी तापवली तेव्हा आम्ही सगळे वाकून बघत होतो. नळीतला निळा रंग निळाच राहिला. तळाशी जरासा हिरवट झाला, इतकंच. डॉक्टरांनी ती मला दाखवली, सासूबाईंना दाखवली, आणि म्हणाले, सुई नको. शरीर ऐकायला लागलंय. पण चालणं आणि जेवण हेच ठेवायचं, सोडलं तर पुन्हा जैसे थे. बकुळाने डोळ्यांना पदर लावला. सासूबाई नळीकडे नातवंड बघावं तशा बघत होत्या.

मग त्यांनी लडकूच्या दंडाला धरून त्याला पुढे केलं. "आता ह्याचं बघा," त्या म्हणाल्या. "अख्खा माठ पितो पान्याचा. रातचा सारखा उठतो. मी बघते ना."

लडकू हसला. तो भाताची पोती पाठीवरून वाहणारा गडी. आपल्याला कसली साखर, म्हणाला. कंपाउंडरने दुसरी नळी घेतली. निळा रंग हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, आणि मग झेंडूच्या फुलासारखा चांगला दाट नारिंगी. लडकू बाकावर बसला. त्याला मघापेक्षा लहान झाल्यासारखं वाटलं असावं, कारण तो आईच्या बाजूला सरकला. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. याला चालवा, हा हुकूम मला कळला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी राहनाळला त्यांच्या दारात उभा होतो. लडकूने आतून सांगितलं की त्याला कणकण वाटतेय. सासूबाईंनी त्याची गोधडी काढून घेतली. आम्ही भिवंडीच्या दिशेने निघालो. सुरुवातीला तो माझ्या पुढे होता, टेम्पोवाल्यांना हात करत. नंतर बरोबर आला. नंतर मागे. मी मोठ्या अधिकाराने त्याला भाताचा ढीग, उसळ, झोप, सगळं सांगत होतो, आणि तो निमूट ऐकत होता. मेव्हण्याने निमूट ऐकणं हे सुख मला लग्न झाल्यापासून प्रथमच मिळत होतं, त्यामुळे मी जरा वाढवूनही सांगितलं असेल.

आम्ही घरी पोचलो तेव्हा बकुळा दार उघडायला आली आणि भावाला बघून हरखून गेली. लडकू सण नसताना, काम नसताना, पायी तिच्या दारात आला होता. तिच्या चेहऱ्याचं मला जरा भयच वाटलं. ती लगबगीने आत वळली. चहाचं आधण स्टोव्हवर होतंच. तिचा हात फळीवरच्या डब्याकडे गेला.

"ताई," लडकू उंबऱ्यावरूनच म्हणाला, "मला साखर हाय."

जे बोलायला मला अख्खा हिवाळा लागला होता ते त्याने चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं. मग आत येऊन भिंतीला टेकून बसला, घाम पुसला आणि तांब्याभर पाणी प्यायला.

बकुळाने आधण उतरवलं, विळी ओढली आणि मेथीची जुडी निवडायला घेतली. लडकूने जुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काळजीच्या सुरात विचारलं, एकच जुडी हाय का?